शेवट माहीत असताना

‘द सिक्स्थ सेन्स’ मी पहिल्यांदा कधी पाहिलाच नाही. एकदम दुसऱ्यांदाच पाहिला.

झालं असं, की पिक्चर आमच्याकडे लागला आणि माझा मावसभाऊ पहिल्याच दोन-तीन दिवसांत तो बघून आला. रविवारची दुपार, मावशीच्या हातची भरली वांगी, आम्ही सगळी भावंडं एका ओळीत जेवायला बसलेली. संध्याकाळच्या खेळाचं तिकीट माझ्या खिशात. मी नुसतं विचारलं, ‘‘कसा आहे रे?’’ घास तोंडात तसाच ठेवून तो म्हणाला, ‘‘भारी आहे. तो डॉक्टर मुळात मेलेलाच असतो ना, ते एकदम शेवटी कळतं.’’ मग माझ्याकडे बघून, वांग्याचा देठ ताटाच्या कडेला ठेवत, ‘‘तू बघितला नाहीस होय अजून?’’

तिकिटाचे पैसे फुकट जाऊ नयेत एवढ्याच कारणाने मी संध्याकाळी गेलो. रागातच बसलो होतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती चुका काढण्यात गेली: आता हा दार कसं उघडेल, आता ह्याच्याशी कोण बोलेल. मग कधीतरी चुका काढायच्या राहिल्या. शेवटाकडे सगळं थिएटर एका दमात ‘हाऽऽ’ करून उठलं, शेजारच्या माणसाने दोघांत असलेला खुर्चीचा हात माझ्या बोटांसकट आवळला, आणि मी मात्र तासाभरापासून त्या डॉक्टरच्या बायकोसाठी गलबललेला. आम्ही दोघं एकाच अंधारात, एकाच पडद्यासमोर बसून दोन वेगळे पिक्चर बघत होतो. त्याचा पिक्चर भीतीचा होता. माझा सुतकाचा.

हे पुस्तक त्या संध्याकाळचं लांबलेलं शेपूट आहे. यातल्या प्रत्येक लेखकाने अतिमानवी रहस्याचा एकेक चित्रपट निवडला, तो मध्ये बराच काळ जाऊ देऊन दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा त्याच रात्री टिपण लिहून काढलं. दोन्ही टिपणं इथे शेजारी-शेजारी छापली आहेत. पहिल्या टिपणातल्या चुका मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. माझ्याकडे काम आलं ते प्रस्तावनेचं, म्हणजे रहस्यपट दुसऱ्यांदा का पाहावा एवढं सांगण्याचं. ते सांगायचं तर काही चित्रपटांचे शेवट फोडावे लागणार. मावसभावाने माझं जे केलं तेच मी आता वाचकांचं करणार आहे. फरक एवढाच, की मी आधी सांगून करतोय. ‘द सिक्स्थ सेन्स’, ‘दि अदर्स’ आणि ‘तुंबाड’ ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी पुस्तक इथे मिटावं, पिक्चर बघावेत आणि मग यावं. घाई नाही.

या सगळ्या उद्योगावर पहिला आक्षेप असतो तो असा: सोडवलेलं शब्दकोडं पुन्हा कोण सोडवतं? उत्तर कळल्यावर चौकोनांत उरतं काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो लागू पडत नाही. शेवट माहीत असलेल्या गोष्टी बघायला रात्र-रात्र जागणारी माणसं आहोत आपण. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, तेव्हा आख्यानात पुढे काय होणार हे पहिल्या ओळीतल्या पोरापासून मागे घोंगडी घेऊन बसलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. काळा संकासुर येतो, वेद पळवणारा दैत्य, आणि लहान पोरं आईच्या कुशीत शिरतात. मोठी हसतात, कारण तीही कधीतरी अशीच कुशीत शिरलेली असतात. हसू आणि भीती एकाच पात्राकडून, बघणारा कितव्यांदा बघतोय त्यावर. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने तर पदाला वन्समोअर देऊन नटाला पुन्हा उभं केलं, मेलेल्या पात्रालाही गायला लावलं. अर्थात गाण्याला वन्समोअर मिळतो तसा धक्क्याला मिळत नाही, हे मान्य. प्रश्न तिथेच सुरू होतो. धक्का गेल्यावर जे उरतं त्याला वन्समोअर मिळण्याइतका जीव आहे का?

फ्रान्स्वा त्रुफोने 1962 साली आल्फ्रेड हिचकॉकच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. त्यात हिचकॉकने दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमाच्या वर्गांत इतकं घासलं गेलंय की लिहायला संकोच वाटतो. तरी थोडक्यात: दोघं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. ह्याच हिचकॉकने 1960 साली ‘सायको’च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका असा थिएटरवाल्यांना दम भरला होता आणि शेवट कुणाला सांगू नका म्हणून प्रेक्षकांच्या विनवण्या केल्या होत्या. म्हणजे त्याला दोन्ही हवं होतं. पण त्याच्या उदाहरणातून निघणारी एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्यांदा पिक्चर बघणारा प्रेक्षक टेबलाखालचा बॉम्ब बघूनच आत आलेला असतो. धक्क्याचा पिक्चर दुसऱ्या वेळी आपोआप टांगणीचा होतो. दिग्दर्शकाला वेगळं काही करावं लागत नाही. फक्त पहिल्या वेळी टेबलावरच्या गप्पा खऱ्या लिहिलेल्या असाव्या लागतात.

‘सिक्स्थ सेन्स’मध्ये त्या खऱ्या आहेत. एक प्रसंग जवळून बघू.

माल्कम क्रो हा फिलाडेल्फियाचा बालमानसतज्ज्ञ. सुरुवातीलाच त्याचा एक जुना रुग्ण घरात घुसून त्याच्यावर गोळी झाडतो. पडदा काळा होतो, पुढच्या वर्षीचा शिशिर येतो, आणि माल्कम एका नव्या मुलाच्या, कोलच्या घरासमोर बाकावर बसलेला दिसतो. आपण धरून चालतो, की जखम बरी झाली असणार. कुणीही तसं सांगत नाही. आपलं आपणच धरतो. मग त्याच्या लग्नाचा वाढदिवस येतो. रेस्टॉरंटमध्ये बायको ॲना टेबलाशी बसलेली आहे. तो उशिरा येतो, समोर बसतो, उशिराबद्दल माफी मागतो, नव्या मुलाबद्दल बोलत राहतो. ती वर बघत नाही. वेटर बिल ठेवतो. त्याचा हात पुढे होतो, तेवढ्यात ती बिल ओढून घेते, सही करते, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे दोन शब्द कोरडेपणाने टेबलावर टाकून निघून जाते.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा तुटत चाललेल्या संसाराचा प्रसंग वाटतो. कामात बुडालेला नवरा, वाट बघून कंटाळलेली बायको. आपल्या ओळखीतली चार जोडपी डोळ्यांसमोर येतात. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला समोर एक विधवा दिसते. लग्नाच्या वाढदिवशी ठरलेल्या जागी एकटीच जेवायला आलेली. त्या शुभेच्छा तिने रिकाम्या खुर्चीला दिलेल्या असतात. प्रसंगातला एक शब्दही बदललेला नाही. माल्कम खुर्ची ओढत नाही, वेटर त्याच्यापुढे मेनूकार्ड धरत नाही, हे सगळं पहिल्या वेळीही डोळ्यांपुढेच घडलं होतं. पण तेव्हा आपण नवऱ्याच्या बाजूने भांडणात उतरलो होतो, आणि भांडणात असलेल्या माणसाला मेनूकार्ड दिसत नाही.

पूर्ण चित्रपटभर हेच चालू असतं. कोल शाळेतून घरी येतो तेव्हा त्याची आई आणि माल्कम समोरासमोर बसलेले, दोघंही गप्प. नुकतंच मुलाबद्दल बोलणं संपलं असणार, असं आपण ठरवून टाकतो. दवाखान्यात कोलच्या अंगावरच्या ओरखड्यांवरून डॉक्टर त्याच्या आईला आडून-आडून विचारतो, माल्कम तिथेच, आणि त्याच्याकडे कुणी मान वळवत नाही. (तो संशयी डॉक्टर झालाय खुद्द दिग्दर्शक मनोज नाइट श्यामलन. माहे इथे जन्मलेला, फिलाडेल्फियाजवळ वाढलेला मल्याळी-तमिळ घरातला मुलगा. चित्रपट अमेरिकेत 6 ऑगस्ट 1999 ला लागला, त्या दिवशी हा एकोणतीस वर्षांचा झाला. वयाचा हिशेब करून मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं.) माल्कमच्या अंगावरचे कपडेही पाहा. त्या पहिल्या रात्री जे कपडे त्याच्या अंगाला किंवा हाताला लागले, तेवढेच पुढे आलटूनपालटून दिसतात. तळघराचं दार त्याला उघडत नाही, लाल मूठ फिरवून तो निघून जातो. त्या दारापुढे टेबल लावलेलं असतं, हे त्यालाही शेवटीच दिसतं. लाल रंग एरवी या शहरातून जणू खरवडून काढलाय. तो येतो तो फक्त ह्या आणि त्या जगाचा धागा जुळतो तिथे: मुठीवर, वाढदिवसाच्या फुग्यावर, कोलच्या तंबूवर, चर्चच्या दारावर. छायाचित्रकार टाक फुजिमोटो. दुसऱ्यांदा बघताना लाल मोजत बसण्याचा मोह होतो. मोजावेत, पण एकदाच. नंतर ते गणित पिक्चर खातं.

मला या सगळ्याहून जास्त भावली ती दुकानाची काच. ॲनाचं जुन्या दागिन्यांचं दुकान आहे, तिथला एक तरुण तिच्या जवळ येऊ पाहतोय, आणि बाहेर उभ्या असलेल्या माल्कमला ते बघवत नाही. दाराची काच तडकते. ती दोघं दचकून बाहेर बघतात, कोणी नाही. पहिल्यांदा आपल्याला हा मत्सरी नवऱ्याचा पोरकट राग वाटतो. दुसऱ्यांदा कळतं, की भुताटकीचा इतका जुना, चोख प्रसंग अख्ख्या पिक्चरमध्ये दुसरा नाही: आपोआप फुटलेली काच, दारात कुणीच नाही. फक्त आपण तो भुताच्या बाजूला उभं राहून पाहिला, म्हणून भीती वाटली नाही. झपाटलेली तर ॲना आहे. तिचा थंड श्वास, झोपेत अंगावर घट्ट ओढलेली शाल, लग्नाची व्हिडिओ कॅसेट पुन्हा-पुन्हा लावणं. तिच्या बाजूने कॅमेरा लावला असता तर हाच पिक्चर झपाटलेल्या घराचा झाला असता.

आणि कोल तर सगळं स्पष्ट सांगतो. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून, दवाखान्याच्या खाटेवर, पिक्चर निम्मा असताना. मेलेली माणसं दिसतात, त्यांना आपण मेलोय हे माहीत नसतं, त्यांना बघायचं असतं तेवढंच दिसतं. आणि हे चालू असताना पडद्यावर चेहरा येतो तो माल्कमचा. इतक्या उघड्यावर किल्ली ठेवलेली असते. पहिल्या वेळी आपण तो डॉक्टरचा धसकलेला चेहरा समजतो. दुसऱ्या वेळी जाणवतं, की मुलाला समोर कोण बसलंय हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तो सांभाळून, जपून, माणसाला लागू नये अशा बेताने बोलतोय. नऊ वर्षांचं पोर त्या खाटेवरून आपल्या डॉक्टरवरच उपचार करतंय. हेली जोएल ऑस्मेंटचं काम पहिल्या वेळी चांगलं वाटतं. दुसऱ्या वेळी ते काय आहे हे कळतं. चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. ऑस्मेंटच्या सहायक अभिनेत्याच्या नामांकनाबद्दल मला अजून हळहळ वाटते.

आता एक कडू गोष्ट. दुसरी फेरी सगळ्यांना पेलत नाही. आपल्याकडे गूढ चित्रपटांची परंपरा काही लहान नाही. कमाल अमरोहींचा ‘महल’ 1949 चा. हवेली, झोपाळा, कुठून तरी येणारं गाणं, आणि शेवटी कळतं की भटकणारा आत्मा-बित्मा काही नाही, माळ्याची मुलगी आहे. त्यानंतर कित्येक वर्षं हिंदी पडद्यावरच्या पांढऱ्या साड्यांच्या आत अखेर माणसंच निघाली. मराठीत 1976 चा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. त्याने माझ्या आधीच्या पिढीच्या पोरांना अंगणात जायचं बंद केलं होतं, असं घरात ऐकलंय. हे चित्रपट लोक आजही पुन्हा-पुन्हा बघतात, पण मला विचाराल तर गाण्यांसाठी. ‘महल’ दुसऱ्यांदा बघताना अशोककुमारची तगमग थोडी हास्यास्पद वाटू लागते, आणि लताबाईंचा आवाज मात्र पहिल्यापेक्षा जास्त गूढ वाटतो. कारण भूत खोटं निघाल्यावर रहस्य जाऊन राहायला तेवढीच एक जागा उरते. काहींना हे पटणार नाही. पुस्तकातल्याच एका लेखात माझ्या ह्या मताला चांगला चोप दिलाय, तो वाचावा.

भूत खरं असलं की दुसरी फेरी कशी श्रीमंत होते, हे बघायला स्पेनच्या आलेहांद्रो अमेनाबारचा 2001 चा ‘दि अदर्स’ घ्या. 1945 साल, इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट, धुक्यात बुडालेला वाडा. ग्रेस ही बाई, नवरा युद्धावरून परतलेला नाही, दोन मुलं, आणि मुलांना उजेड सोसत नाही म्हणून घरभर जाड पडदे. एक दार कुलूपबंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा तिचा नियम. किल्ल्यांचा जुडगा सतत हातात. तीन नोकर दारात येतात आणि घरात वावरू लागतात. नंतर कळतं, की नोकरांसाठी दिलेल्या जाहिरातीचं पत्र टपालवाल्याने उचललेलंच नाही. मग घरात ‘दुसरे’ कोणी असल्याच्या खुणा. शेवटी उलगडतं ते असं, की भुतं हीच मंडळी आहेत, आणि तो आवाज, तो पियानो, ते ओढून काढलेले पडदे म्हणजे घरात नव्याने राहायला आलेलं जिवंत कुटुंब. ग्रेसने स्वतः मुलांना उशीने गुदमरवून मारलं आणि मग स्वतःला गोळी घालून घेतली.

आता पिक्चर पुन्हा लावा. पहिल्या काही क्षणांत ग्रेस अंथरुणात किंचाळून जागी होते. पहिल्या वेळी ते वाईट स्वप्न असतं. दुसऱ्या वेळी त्या किंकाळीपाशीच माणूस थांबतो. ही बाई नेमकी कशातून उठली आहे? मोठी मुलगी ॲन ‘त्या दिवशी’ आईला काय झालं होतं याबद्दल धाकट्या भावाला डिवचत असते, तो ऐकून घ्यायला तयार नसतो. पहिल्या वेळी बहीण खोडसाळ वाटते. दुसऱ्या वेळी कळतं, की त्या घरात खरं बोलणारी ती एकटीच होती आणि तिला त्याबद्दल शिक्षा होत होती. पिक्चरचं कूळ बदललेलं असतं. अमेनाबारने संगीतही स्वतःच दिलंय. चित्रीकरण स्पेनमधल्या कान्ताब्रियातल्या एका जुन्या प्रासादात. गोया पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, ज्यात एक शब्दही स्पॅनिश नाही. त्या पुरस्काराच्या बाबतीत असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं.

श्यामलनचं पुढे काय झालं, तेही या विषयाचाच भाग आहे. ‘सिक्स्थ सेन्स’नंतर त्याचा पिक्चर बघायला आलेला कुणीही प्रेक्षक साधा उरला नाही. ‘अनब्रेकेबल’, ‘साइन्स’, ‘द व्हिलेज’, प्रत्येक वेळी लोक पहिल्याच खेळाला दुसऱ्या फेरीचे डोळे घेऊन आले, खुर्च्यांच्या हालचाली तपासत बसले. जादूगाराच्या बाहीकडेच बघणाऱ्या पोरांपुढे बिचारा जादू करत राहिला.

एवढा वेळ मी उलट्या गोष्टींबद्दल बोलतोय, ज्यांत शेवट कळला की सगळं उलटं होऊन नीट दिसतं. पण या पुस्तकातला माझा आवडता चित्रपट तसा नाही. त्यात लपवलेलं काही नाहीच. तो आहे राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’, 2018 चा.

मराठी वाचकाला त्याची नाळ वेगळी सांगायला नको. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं, जी बर्वेंनी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती. भाषा मात्र हिंदी. याची रुखरुख मला पहिल्या वेळी फार होती, दुसऱ्या वेळी पाऊस इतका होता की ती वाहून गेली. गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली आहे. समृद्धीची देवी, तिचं पहिलं लाडकं पोर हस्तर, त्याला सोनं हवं आणि धान्यही हवं, बाकीच्या देवांनी त्याला अडवलं, आईने पोटात दडवून वाचवलं ते एका अटीवर, की त्याची पूजा होणार नाही. तुंबाडच्या घराण्याने ती अट मोडली आणि गावावर न संपणारा पाऊस आला. नियम उघड, राक्षस कोण ते उघड, त्याला कणकेच्या बाहुलीची हाव आहे हेही उघड. मग 1918, 1933 आणि 1947 असे तीन टप्पे आणि तीन पिढ्या.

एवढं सगळं उघड असून हा चित्रपट 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसा करून गेला. मी त्या वेळी गेलो होतो. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, त्यांनी तो मोबाइलवर कितीदा तरी पाहिलेला, संवाद पडद्याच्या आधी बोलत होती. मला वाटलं, आता ही मस्ती करून सगळ्यांचा विचका करणार. पण विहिरीतल्या गर्भाचा प्रसंग आला, तुंबाडच्या घराण्यातल्या विनायकने पिठाचं रिंगण आखलं, आणि पोरं गप्प. पुढे काय येणार हे माहीत असलेल्या माणसांची ती शांतता होती. देवळापुढे संकासुराची वाट बघणाऱ्या लोकांची असते, तशीच.

दुसऱ्या वेळी मला दिसलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे सुरुवातीची गोष्ट सांगणारा आवाज. पहिल्यांदा ती पुराणकथा म्हणून कानावर पडते. नंतर लक्षात येतं, की ही गोष्ट विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला सांगतोय. बाप मुलाला हाव गोष्टीच्या रूपात भरवतोय, आपल्याकडे गोष्ट सांगता-सांगता पोराला वरणभात भरवतात तशी. दुसरं ठिकाण मात्र मला कुणीतरी सांगितल्यावरच कळलं. 1933 च्या भागात वाड्यात सापडते ती म्हातारी, जिच्या अंगातून झाड उगवलंय, जी मरता मरत नाही. विनायक तिच्याकडून गुपित काढून घेतो आणि तिला जाळून सोडवतो. ती म्हातारी झालाय मोहम्मद समद. तोच मुलगा 1947 च्या भागात पांडुरंग झालाय. आणि शेवटी पांडुरंग आपल्या शापित बापाला, विनायकला, जाळतो. बापाने दिलेली सोन्याची लंगोटी तो घेत नाही. मेकअपच्या थराखाली तीच हाडं. ज्याला विनायकने पेटवलं त्याच्याच हातात शेवटी चूड येते. हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलं की सोयीसाठी, ते मला ठरवता येत नाही, आणि खरं तर ठरवायचंही नाही. मला आता म्हातारीच्या प्रसंगात तिचे डोळे बघवत नाहीत, एवढं खरं.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. पहिलं टिपण आणि दुसरं टिपण यांच्यामध्ये प्रत्येक लेखात एक कोरी ओळ सोडली आहे. चित्रपट पाहिलेला नसेल तर तिथे थांबा. एका लेखात दुसरं टिपण पहिल्यापेक्षा अर्धंच आहे. लेखकाने सरळ लिहिलंय, की दुसऱ्यांदा बघताना झोप लागली. तो लेख आम्ही आनंदाने घेतला. आणि मोबाइलवर मागे-पुढे सरकवत दुसरी फेरी उरकू नका. तुकड्यांत पाहिलं की खुणा सापडतात, माणसं सापडत नाहीत.

मावसभावाला मी पुढे अनेक वर्षं माफ केलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षी मावशीकडे राहायला गेलो होतो. काका गेल्यापासून ती रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू ठेवते. भावाने ‘सिक्स्थ सेन्स’ लावला. मावशीने तो पाहिलेला नव्हता. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, त्याने तोंडावर बोट ठेवलं, आणि खरोखरच अवाक्षर काढलं नाही. आम्ही दोघं पडद्याकडे कमी आणि मावशीच्या तोंडाकडे जास्त बघत होतो. ती लसूण सोलत होती, मधूनमधून खालचं वाचत होती. रेस्टॉरंटचा प्रसंग आला. माल्कम येऊन बसला, बोलू लागला. ॲनाने बिल ओढलं, सही केली. मावशीच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

‘‘एकटीच आलीय गं बाई जेवायला,’’ ती म्हणाली.

भावाने माझ्याकडे पाहिलं. पिक्चर अजून निम्माही झाला नव्हता.